न खणलेला खड्डा

माझ्या साडूंइतका संशयी माणूस नाशिकमध्ये दुसरा नसेल. असलाच तर साडूंना त्याचाही संशय येईल. प्रदूषणावर नजर ठेवणाऱ्या एका सरकारी खात्यात त्यांची नोकरी झाली. निवृत्त होताना इतर लोक शाल-नारळ घरी नेतात, यांनी सावधगिरीचं तत्त्व नेलं. धोका सिद्ध झालेला नाही म्हणून निर्धास्त राहू नये. जो नवं काही करतो त्यानेच ते निरुपद्रवी असल्याचं दाखवावं, असं ते तत्त्व. कायद्याच्या पुस्तकात ते शोभून दिसतं, साडू ते घरात वापरतात. द्राक्षं घेताना ते विक्रेत्याला फवारणीची सगळी हकिकत विचारतात आणि तो अडखळला की पिशवी परत करतात. मुलीला स्थळ आलं तेव्हा मेहुणी वैतागून म्हणाली, "अहो, मुलगा वाईट असल्याचा काही पुरावा आहे का?" "चांगला असल्याचा आहे?" साडूंनी विचारलं. लग्न झालं, कारण मुलीने आधीच होकार देऊन टाकला होता.

या जावयाचा सातपूरला प्लेटिंगचा छोटा कारखाना होता आणि शेड साडूंच्या मालकीची. धातूला मुलामा दिल्यावर उरणारं पाणी शुद्धीकरणाला पाठवणं परवडेना, म्हणून त्याने शेडमागे शोषखड्डा खणायचं ठरवलं. शेजारीच बोअर होती आणि आसपासचे कामगार तिचंच पाणी पीत.

"पप्पा, खाली सगळा काळा खडक आहे. आपलं पाणी बोअरला लागेल याला पुरावा काय?"

"लागणार नाही याला काय आहे, जावईबापू?"

"असा पुरावा कुणी देऊ शकतं का?"

"मग खड्डा नको."

मुलगी रडली, मेहुणीने अबोला धरला. मीही म्हणालो, "घरातलाच मामला आहे, जरा सोडून द्या." "पाणी घरात राहत नाही," एवढंच ते म्हणाले. जावयाने कारखाना बंद करून पुण्याला नोकरी धरली. मुलगी त्यानंतर माहेरी आलेली नाही.

परवा साडूंबरोबर ती रिकामी शेड पाहायला गेलो. शेजारच्या कारखान्यांतली पाळी सुटली होती आणि कामगार बोअरच्या नळावर बाटल्या भरत होते.

"पाणी अजून चांगलं आहे. म्हणजे तुमचंच बरोबर होतं," मी म्हणालो.

"तेही सिद्ध होत नाही. खड्डा झाला असता तरी कदाचित चांगलंच राहिलं असतं." ते नळाकडे बघत म्हणाले, "न बिघडलेलं पाणी कुणाला दिसत नाही हो. न आलेली मुलगी सगळ्या गल्लीला दिसते."

एका कामगाराला ते दमलेले वाटले असावेत. "घ्या बाबा, लय गार हाय," म्हणत त्याने बाटली पुढे केली. साडूंनी ती दोन्ही हातांनी धरली आणि सावकाश पीत राहिले.