नवतप्यातलं थंड इंजिन

आधी चहा घ्या, मग हसा. हसणार तर तुम्ही आहातच!

तुम्ही सगळ्या जणी मला सारखं विचारता ना, की बाई, तुला गिअरची गाडी येते, मग ही पोपटी स्कूटी घेऊन का फिरतेस? आता काय सांगू तुम्हाला, आणि कोणत्या तोंडानं! या स्कूटीचा रंग माझ्या बाबांनी निवडलाय. सीटचं फुलाफुलांचं कव्हर बाबांनी निवडलंय. आणि मी हूं की चूं करू शकत नाही, कारण आमच्यात तसा करार झाला होता आणि तो मी हरले. कशी हरले? माझ्या स्वतःच्या अति शहाणपणानं.

झालं असं, की मला सेवाग्रामला एका दवाखान्याच्या लॅबमध्ये नोकरी लागली. घर आमचं बोरगाव मेघेला. रोज ऑटोची वाट पाहायची, पाच माणसांत सहावी म्हणून बसायचं, आणि उतरताना ओढणी कोणाच्या तरी पिशवीत अडकलेली असायची. मी ठरवलं, पहिल्या कमाईतून गाडी घ्यायची. जुनी चालेल, पण मोटरसायकल. कॉलेजात असताना मंगेशदादाच्या गाडीवर शिकले होते आणि तेव्हापासून डोक्यात तेच. मंगेशदादा म्हणजे माझा आतेभाऊ. आर्वी नाक्याकडे त्याचं गॅरेज आहे.

बाबांना सांगितलं, तर बाबा म्हणाले, "स्कूटी घे नं बाप्पा. पाय खाली टेकतेत, समोर भाजीची थैली राह्यते."

"मले भाजी नाई आनाची. मले मोटरसायकल पायजे."

"मंग मंगेशले संगं घेऊन जाजो."

"काऊन? मले नाई समजत का? मीच पाहीन, मीच निवडीन."

बाबांनी पेपर खाली ठेवला. ते पेपर खाली ठेवतात म्हणजे प्रकरण गंभीर असतं बरं का.

"ठीक हाय. पैसे तुहे, पसंत तुही. मी मधात एक शब्द बोलत नाई. पन भंगार निघाली, तं मंग मी म्हनन ते स्कूटी. रंग बी मीच निवडीन. कबूल?"

"कबूल!" मी म्हटलं. किती सहज म्हटलं हो!

संक्रांतीला मंगेशदादा तिळगूळ द्यायला आला. कडाक्याची थंडी, आम्ही अंगणात शेकत बसलेलो. मी त्याला हळूच विचारलं, जुनी गाडी ओळखायची कशी? दादानं हात शेकोटीवर धरले आणि ज्ञान दिलं.

"हे पाय, गेल्या गेल्या इंजिनाले हात लावजो. थंड असलं पायजे. गरम लागलं, तं समजून जा, तू यायच्या पयले त्यानं चालू करून ठेवली. म्हंजे सकाळी चालू होत नाई, आन हे लपवून राह्यला तो. सरळ वापस येजो. थंड इंजिन असन आन एका किकमंदी चालू झाली, तेच गाडी खरी."

मी लगेच आत जाऊन डायरीत लिहिलं. काय लिहिलं? 'थंड म्हणजे खरी. गरम म्हणजे खोटी.' किकचं राहिलं लिहायचं. डायरीत जागा होती हो, पण आईनं तिळाच्या पोळ्या खायला हाक मारली ना!

पैसे साठता साठता मे उजाडला. तोही साधा मे नाही, नवतपा. म्हणजे मे संपता संपताचे ते नऊ दिवस, जेव्हा आमच्या वर्ध्यात कावळासुद्धा कामाशिवाय झाडाबाहेर पडत नाही. माझी ड्युटी सकाळची, एकला सुटायची. तिथून मी तोंडाला दुपट्टा गुंडाळून, ऊन लागू नये म्हणून आईनं पर्समध्ये कोंबलेला कांदा सांभाळत, दोन वाजता गाड्या पाहायला जायची. भर दुपारी दोन वाजता! लक्षात ठेवा हं हे.

पहिली गाडी पवनारच्या एका काकांची. टिनाखाली उभी. मी कोणाशी न बोलता ताठ चालत गेले आणि इंजिनावर हात ठेवला. आई गं! असा चटका बसला की सांगू नका.

"काका, गाडी आत्ताच चालवून आनली नं?"

"नाई वो बाई. सकाळपासून इथंच हाय."

"मग इंजिन गरम कसं?"

काकांनी माझ्याकडे पाहिलं, वर आभाळाकडे पाहिलं, परत माझ्याकडे पाहिलं. "तापलं असन," ते म्हणाले.

"तापलं नाई, तापवलं!" असं म्हणून मी निघाले. काय तो रुबाब माझा! पाठमोरं चालताना वाटत होतं, आपण जन्मानंच मेकॅनिक आहोत.

चार दिवसांत चार गाड्या पाहिल्या. चारही गरम. चौघांनाही मी तोंडावर खोटं पाडून आले. तुम्हाला खरं सांगते, त्या रात्री मला फार वाईट वाटलं. वर्धा जिल्ह्यात खरं बोलणारा एकही माणूस उरला नाही की काय, या विचारानं झोप लागेना.

पाचवी गाडी सेवाग्रामच्या एका गुरुजींची. शाळेतून रिटायर झालेले, खादीचा सदरा, घरासमोर झाडलेलं अंगण. आता डोळ्यांना त्रास म्हणून गाडी विकत होते. मी अर्धा तास उशिरा पोचले. अंगणात गाडी उभी. काळी, शंभर सीसीची, आणि अशी लख्ख पुसलेली, की माझा चेहरा दिसत होता तिच्या टाकीत. मनात म्हटलं, हीच! हीच माझी गाडी!

काकूंनी कैरीचं पन्हं आणलं. वर वेलची. मी दोन पेले प्याले. हो, दोन! आणि पेला खाली ठेवून उठले, इंजिनाला हात लावला.

चटका.

"गुरुजी," मी म्हटलं, "तुम्ही बी?"

"काय झालं पोरी?"

"गाडी चालू करून ठेवली तुम्ही."

"नाही नाही. तू दीडला येणार म्हणाली म्हणून अकरालाच घरातून बाहेर काढली. पुसली. चालू नाही केली. लोटत आणली."

"लोटत?"

"लोटत."

"आणि लोटल्यानं इंजिन गरम झालं?" मी असं हसले ना, तो हसण्याचा आवाज अजून माझ्या कानात आहे. "गुरुजी, सेवाग्रामात राहून, अंगात खादी घालून तरी असं बोलू नये मानसानं."

काकू पेले उचलता उचलता थांबल्या. गुरुजींनी हातातलं पुसायचं फडकं घडी करून सीटवर ठेवलं आणि म्हणाले, "बरं पोरी. जपून जाजो, ऊन हाय."

मी घरी येऊन मंगेशदादाला फोन करून सांगितलंसुद्धा, की बघ, सेवाग्रामचे गुरुजीही खोटारडे निघाले! तो म्हणाला, "असं?" आणि फोन ठेवला.

सहावी गाडी शहराबाहेरच्या एका ले-आउटमध्ये होती. मालक तिशीचा, घरातही डोळ्यांवर गॉगल. पण माणूस काय गोड बोलायचा! "या ताई, बसा ताई, पानी घ्या ताई." आणि गाडी कुठे होती म्हणता? हॉलमध्ये. कूलरसमोर! अंगावर ओलं पोतं.

"गाडीले ऊन लागू देत नाई ताई. लेकरावानी जपतो."

मी पोतं बाजूला केलं. श्वास रोखला. हात ठेवला.

थंडगार! आमच्या स्वयंपाकघरातल्या माठासारखं! मला तर रडू यायचं बाकी होतं. अख्ख्या जिल्ह्यात एक खरा माणूस सापडला होता.

गाडी बाहेर काढली. त्यानं किक मारली. एक, दोन, तीन... नवव्या किकला त्याचा गॉगल नाकावरून घसरला.

"थंड हाय नं ताई," तो घाम पुसत म्हणाला. "थोडा टाइम घेते."

"घेणारच!" मी म्हटलं. "भाऊ, तुम्ही बिलकूल वाईट वाटून घेऊ नका. गरम करून ठेवणारे पाच पाहून आले मी."

ऐकलंत? विकणारा गप्प, आणि घेणारीच त्याची वकिली करतेय! शेवटी आम्ही दोघांनी गाडी उतारावर नेली, धक्का दिला, तेव्हा ती खोकत खोकत चालू झाली. कागदपत्रं ठीक होती. मी घेऊन टाकली. निघताना तो म्हणाला, "ताई, तुमच्यासारखं गाडीतलं समजनारं गिऱ्हाईक नाई पाह्यलं." तेवढं वाक्य मात्र तो मनापासून बोलला असावा.

घरी आईनं ओवाळलं, नारळ फोडला, चाकाखाली लिंबू ठेवलं. अर्धी गल्ली जमली. बाबा नवा शर्ट घालून मागे बसले. लिंबू चिरडून गाडी निघाली, आणि चौकात जाऊन जी बंद पडली, ती पडलीच. बाबा उतरले. एक शब्द बोलले नाहीत, करारच होता तसा. नव्या शर्टाच्या बाह्या वर केल्या आणि मागून लोटायला लागले.

मग रोजचंच झालं. सकाळी सहाला मी सीटवर, बाबा मागे, आणि फिरायला निघालेले शेजारी मदतीला. बाबा धापा टाकायचे, पण स्कूटीचं नाव काढायचे नाहीत. त्यांनी टोमणा मारला असता तर बरं झालं असतं, इतकं मला ते गप्प राहणं लागायचं.

रविवारी दुपारी मंगेशदादा आला. फाटकाबाहेर गाडी लावली. मी बाहेर आले आणि पाहतच राहिले. काळी. शंभर सीसी. टाकीत माझा चेहरा दिसत होता.

"दादा, हे तं..."

"सेवाग्रामच्या गुरुजीची. घेतली म्या. तूच तं फोनवर सांगतलं, गुरुजी खोटारडे हायेत म्हनून. म्या म्हटलं, रिटायर मानूस खोटं काऊन बोलन? सकाळी सहाले गेलतो. थंड इंजिन, एक किक, चालू. मख्खन गाडी हाय बे!"

"पन माह्या टायमाले इंजिन गरम होतं!"

"किती वाजता गेलती तू?"

"दोन वाजता."

"दुपारच्या?"

"मग काय रात्रीच्या?"

दादानं माझा हात धरला, ओढत नेला आणि आमच्या लोखंडी फाटकाच्या कडीवर ठेवला. मी किंचाळले. असा पोळला हात!

"गरम हाय?" दादानं विचारलं.

"हो!"

"मंग सांग, हे फाटक कोन चालवून आनलं? सेलूपर्यंत गेलतं का सेलूपर्यंत?"

ओसरीवर बाबा पेपर वाचत होते. पेपर हलायला लागला. आधी थोडा, मग जोरात. बाबांचा चेहरा दिसत नव्हता, पण खांदे दिसत होते. पाच मिनिटांनी पेपराआडून आवाज आला, "पोपटी रंग बरा दिसन नं वो?"

हसा, तुम्हीही हसा. मीही हसले तेव्हा. पण रात्री जेवताना ताट तसंच सारून उठले. गाडीचं दुःख नव्हतं. गुरुजींनी घडी करून ठेवलेलं ते फडकं डोळ्यांसमोर येत होतं. मी त्या माणसाच्या घरचं पन्हं पिऊन त्याला त्याच्याच अंगणात खोटारडा म्हणाले होते.

दुसऱ्या दिवशी ड्युटी सुटली, ती सरळ गुरुजींकडे निघाले. माफीचं अख्खं भाषण पाठ केलं होतं. 'गुरुजी, मी लहान आहे, मी मूर्ख आहे' इथपासून सुरुवात. पण दवाखान्याच्या गेटवर उभी असलेली गाडी काही केल्या चालूच झाली नाही. धक्का मारायला बाबा नाहीत, शेजारी नाहीत. रस्त्यावर चिटपाखरू नाही. नवतपा संपला होता म्हणे, पण सूर्याला कोणी कळवलं नव्हतं. मी त्या धुडाला लोटत निघाले. दुपट्टा घामानं ओला, चपलेचा अंगठा तुटलेला, पर्समधल्या कांद्याचा वास सुटलेला. अर्ध्या तासानं त्या झाडलेल्या अंगणात पोचले आणि गाडी स्टँडवर लावली.

गुरुजी बाहेर आले. मला ओळखलं. गाडीजवळ गेले, चष्मा सारखा केला आणि वाकून इंजिनावर हात ठेवला. झटकन मागे घेतला.

"लय गरम हाय पोरी," ते म्हणाले. "चालवत आणली का?"

"नाही गुरुजी," मी म्हटलं. "चालू नाही केली. लोटत आणली."

वाक्य तोंडातून गेलं आणि मी मान खाली घातली. पाठ केलेल्या भाषणातलं एक अक्षर आठवेना. डोळ्यांतून मात्र धार लागली.

गुरुजींनी वळून घरात हाक मारली, "अवो, पन्हं आणजो दोन पेले. पोरगी खरं बोलून राह्यली."