बडेबाबूंचं "येतो"

आमच्या उटनूरच्या कचेरीतले हेडक्लार्क, सगळ्यांचे बडेबाबू, कुठलंही निमंत्रण चष्मा लावून दोनदा वाचत. एकदा कशाचं आहे म्हणून, दुसऱ्यांदा बोलावतंय कोण म्हणून. मग मीटिंग असो की बारसं, स्वतः फोन करून "येतो" किंवा "जमत नाही" सांगत.

मी तिथे कंप्युटर ऑपरेटर म्हणून लागले तेव्हा साहेबांचं कॅलेंडर माझ्याकडे आलं. मी हौसेनं आपोआप उत्तराची सोय चालू केली. साहेबांची वेळ मोकळी असली की होकार, नसली की नकार. बडेबाबूंना दाखवलं, तर म्हणाले, "पोरी, माणूस बोलावते अन् मशीन नाही म्हणते. हे काऊन?" म्हाताऱ्याला काय कळतंय, असं मी मनात म्हटलं. त्यांची एक खोड होती, गेलेल्या सगळ्या मेल रोज दुपारी माझ्याकडून छापून घेऊन वाचायची. मी कुरकुरत छापून द्यायची.

एका गुरुवारी साहेबांचा दौरा रद्द झाला, पण कॅलेंडरातून तो काढायला मी विसरले. नेमकं त्याच दिवशी सकाळी, दुपारी चारच्या जिल्ह्याच्या मीटिंगचं निमंत्रण आलं आणि कॅलेंडरनं परस्पर नकार कळवून टाकला. नार्नूरकडच्या मुलींच्या वसतिगृहाच्या बोअरला त्या मीटिंगमध्ये मंजुरी मिळायची होती. साहेब गेले नाहीत तर प्रकरण उन्हाळ्यापलीकडे जाणार, आणि तोवर मुली डोक्यावरून पाणी वाहणार. छापलेला कागद बडेबाबूंनी माझ्यासमोर धरला तेव्हा कुठे मला ते कळलं.

त्यांनी आवाज चढवला नाही. जीप काढायला लावली, आणि जिल्ह्याच्या कचेरीत मीटिंगपुढे फायली मांडणाऱ्या ओळखीच्या पेशकाराला फोन केला, "साहेब येऊन राह्यले. वसतिगृहाची मिसल, ते बोअरची फाईल, तेवढी शेवटी ठेवजा." जाता जाता साहेबांनी विचारलं, नकार कोणी पाठवला? जन्मात माउसला हात न लावलेले बडेबाबू म्हणाले, "माझ्याच हातून झालं, साहेब."

मंजुरी मिळाली. ती सोय मी त्याच संध्याकाळी बंद केली, ती आजपर्यंत बंदच आहे.

पुढे बोअर सुरू करायचं बोलावणं घेऊन वसतिगृहाच्या ताई स्वतः आल्या. बडेबाबूंच्या निवृत्तीला आठवडा राहिला होता. कार्यक्रमाच्या दिवशी वसतिगृहात मुलींनी नळ सोडायला त्यांना पुढे नेलं, तर त्यांनी मला हाक मारली. हळूच म्हणाले, "नकार तुया कंप्युटरातून गेलता. आता पाणी तुया हातानं येऊ दे."

मी नळ सोडला. मुलींनी मला नखशिखांत भिजवलं, ते बरंच झालं, डोळे पुसावे लागले नाहीत. इतक्या मानानं मला आजवर कोणी माफ केलेलं नाही.