तारा सामंत, वैदेही परब

दादाचा फोन शेजारच्या काकूंकडे आला. "कुंदा, वैदेही गेली," एवढंच तो बोलू शकला. अंधेरीहून मुलुंडला पोचेपर्यंत माझ्या डोक्यात एकच वेडा प्रश्न घोळत होता... आता वर्तमानपत्रात निधनाची बातमी द्यायची ती कुठल्या नावाने? या गोष्टीला महिना उलटून गेला. रडायचं तेवढं रडून झालं. माझी वहिनी जिंकून गेलेली बाई होती आणि तिचा विजय मी समोर बसून पाहिलाय, म्हणून आज त्याबद्दलच लिहिणार आहे.

वहिनी माहेरची तारा सामंत. समुद्रात लाकूड पोखरणाऱ्या किड्यांवर तिचं संशोधन होतं. एका होडीचा तळ या किड्यांनी खाल्लेला तिने लहानपणी पाहिला आणि तिथून जी त्यांच्या मागे लागली ती कायमची. लग्नाआधीच तिचे लेख परदेशी मासिकांत छापून येत. पण आमच्या घरात सून आली की तिचं नाव बदलायचं, हा शिरस्ता. आईने 'वैदेही' ठरवलं, दादाने पितळी ताटात तांदूळ पसरून अंगठीने ते लिहिलं, पेढे वाटले गेले... आणि तारा सामंत संपली. लेखांवरसुद्धा. वहिनीने फक्त ते ताट उचललं, आपल्या टेबलावर ठेवलं आणि त्यात किड्यांनी चाळण केलेले लाकडाचे तुकडे मांडले. शुभकार्याच्या ताटात किडे बघून आई कितीतरी वर्षं धुसफुसत होती.

मग या ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला तिच्या संस्थेत नवे संचालक आले आणि मोजमापाचं खूळ घेऊन आले. एखाद्याच्या लेखाचा इतर शास्त्रज्ञांनी आपापल्या लेखांत किती वेळा उल्लेख केला, ते परदेशातून येणाऱ्या जाडजूड सूचीग्रंथांत बघून मोजायचं आणि त्यावर शास्त्रज्ञांचे क्रमांक लावायचे. वहिनीला याचं हसूच यायचं. "अगं, चुकीचं लिहिलं तरी चूक दाखवायला लोक उल्लेख करतातच ना? तोही धरतात," ती म्हणायची. पण त्याच वेळी विभागप्रमुखाची जागा रिकामी झाली. तो विभाग वर्षानुवर्षं तीच ओढत होती आणि वर बसायला दर वेळी बाहेरून कोणीतरी येत होतं. या खेपेला तरी ती जागा आपली, असं ती पहिल्यांदाच उघड बोलली होती. संचालकांनी मात्र तिला बोलावून या विषयातल्या जगभरच्या संशोधकांची क्रमवारी पुढे केली. "बाई, तुम्ही अकराव्या. पाचव्या क्रमांकावर कोणी टी. सामंत आहेत, आपल्याकडच्याच. त्यांना विचारावं म्हणतो. ओळखता का?" तिच्या जुन्या कागदांवर नजर टाकायची तसदी त्यांनी घेतलेली नव्हती. वहिनी शांतपणे म्हणाली, "ओळखते. मुलुंडला राहतात. सोमवारी घेऊन येते."

सोमवारी तिने नेलं आईला. आईसोबत कोणी हवं म्हणून मीही गेले. आई ठेवणीतलं लुगडं नेसली होती. संचालक अदबीने उठून आईलाच म्हणाले, "या सामंतबाई." आई खुर्चीत ऐसपैस बसली. "मी सामंत नाय, परब. सामंत ही," तिने वहिनीकडे बोट केलं. "हिचा नाव मीच बदललंय, लग्नात. तेवा माका काय म्हायत, तुमच्या कागदांका ता कळाचा नाय म्हणान?"

संचालकांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. दोन्ही नावांचे आकडे मांडून ते बेरीज करू लागले, तर वहिनीनेच अडवलं. "थांबा सर. वैदेहीने तारा सामंतचा जिथे जिथे उल्लेख केलाय, ते वजा करा. माझी साक्ष मीच काढलेली कशी चालेल?" मला तर तिला चिमटा काढावासा वाटला. हातातोंडाशी आलेला घास ही बाई स्वतःच मोजून कमी करत होती. वजाबाकी झाली... आणि तरीही वहिनी जगात दुसरी आली. त्या खोलीत मला इतका अभिमान वाटला की डोळे भरून आले. आईने विचारलं, "पयलो कोण?"

"एक जपानी गृहस्थ आहेत," संचालक म्हणाले.

"तेचा नाव कोणी बदलूक नाय, म्हणान पयलो," आई म्हणाली.

वहिनी विभागप्रमुख झाली. शेवटपर्यंत तो विभाग तिने झकास चालवला, आणि तिच्या हाताखालच्या एकाही मुलीला लग्नानंतर लेखावरचं नाव बदलू दिलं नाही. परदेशी पाहुणे घरी आले की आई त्यांना ते पितळी ताट स्वतः नेऊन दाखवायची, किड्यांसकट.

तेराव्याला पाहुणे गेल्यावर आई उठली. वहिनीच्या टेबलावरचं ताट घेतलं, लाकडाचे तुकडे एकेक करून पदरात काढून ठेवले आणि ताटात तांदूळ पसरले. दादाने बोटातली अंगठी काढली. "आई, कुठलं नाव लिहू?" त्याने विचारलं.

"दोनय लिव," आई म्हणाली. "थय वर मोजताना चुकाक नको."