नलूच्या घरातलं जितं पाणी

त्या सकाळी मी शिरोड्याच्या आमच्या अंगणात सोलं वाळत घालत होते. हात कोकमाच्या रसाने लाल झालेले, म्हणून घरात वाजणारा फोन आधी उचलला नाही. पुन्हा वाजला तेव्हा पदराला हात पुसत आत गेले. पलीकडे सुलभावहिनी होत्या, माझ्या मैत्रिणीची, नलूची भावजय. "विजू, नलू गेली गो," एवढंच म्हणाल्या. रात्री नेहमीसारखी जेवून झोपली होती, सकाळी उठलीच नाही... दोघी तशाच फोन धरून उभ्या राहिलो. त्या शांततेत त्यांच्या मागून पाण्याची बारीक धार पडल्याचा आवाज येत होता. नवख्या माणसाला वाटलं असतं, नळ चालू राहिलाय. मला ठाऊक होतं, तो नलूच्या माशांच्या टाकीचा आवाज आहे. ती गेली होती आणि तिने बांधलेलं पाणी वाहत होतं. आज काही आठवडे लोटल्यावर तिच्याविषयी लिहायला बसले, तर त्या टाकीपासून बाजूला होताच येत नाही.

नलू आणि मी मालवणात एकाच बाकावर बसून शिकलो. मी लग्न होऊन शिरोड्याला आले. तिला लग्न करायचं नव्हतं, तिने केलं नाही. पाटबंधारे खात्यात आरेखक म्हणून तिने सारी नोकरी केली. कालवे, सांडवे, झडपा यांचे नकाशे ती काढायची. हापिसात तिचं मराठी छापील असे, पण संध्याकाळी मालवणच्या एसटीतून उतरली की पहिल्याच ओळखीच्या बाईला "खंय चललंस गो?" म्हणून हाक मारायची. राहायची थोरल्या भावाकडे, किनाऱ्याजवळच्या घरात. हा भाऊ म्हणजे बाबीदादा. बोटीवरचा तांडेल, म्हणजे सगळी बोट ज्याच्या शब्दावर चालते तो माणूस. आवाज असा, की किनाऱ्यावरून हाक मारली तर पाण्यातल्या होडीत ऐकू जावी. नलू निवृत्त झाली त्याच वर्षी बाबीदादाला अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली. जीव वाचला, बोलणंही हळूहळू परत आलं, डॉक्टर म्हणाले रोज उभं राहायला हवं, हात चालवायला हवा. पण त्याची इच्छाच मेली होती. खिडकीतून समुद्र दिसायचा, म्हणून त्याने आपली खुर्ची फिरवून भिंतीकडे तोंड करून घेतली. बोटीवरचे लोक भेटायला येत, तो मान हलवी. हळूहळू तेही यायचे थांबले.

नलूच्या डोक्यात माशांची टाकी आली ती तेव्हा. समुद्र बघवत नाही, तर निदान एवढंसं पाणी तरी त्याच्या समोर हलतं असावं, असं तिला वाटलं. कुडाळच्या एका दुकानातून तिने काचेची उंच टाकी आणली, तळाला निळे-गुलाबी खडे, मध्ये प्लास्टिकचा किल्ला, आणि लाल-सोनेरी मासे. बाबीदादाच्या समोरच्या भिंतीला लावून ठेवली. दोन-चार दिवस घर सणासारखं दिसलं. मग पाणी दुधासारखं गढूळ झालं. नलूने सगळं पाणी ओतून, खडे घासून, नवं पाणी भरलं. पुन्हा गढूळ. पुन्हा धुतलं. एक-एक करत मासे पोट वर करून तरंगू लागले. घराला वास येऊ लागला. शेवटचा मासा मेला त्या दिवशी कित्येक महिन्यांनी बाबीदादा आपण होऊन बोलला. म्हणाला, "मेलेलो मासो बाजारात बघूक मिळता. घरात कित्याक ठेवलंस?"

नलूने मला हे फोनवर सांगितलं तेव्हा मला वाटलं आता ही रडणार. ती म्हणाली, "विजू, तो बोललो. आता माका ह्या पाणी सुधारूकच व्हया."

पुढचे काही महिने तिने दुसरं काही केलं नाही. पुस्तकं मागवली, मासे पाळणाऱ्यांना फोन केले, मोबाइलवर तासन्‌तास बघत बसली. मी एकदा भेटायला गेले तर जेवणाच्या टेबलावर नकाशाचा मोठा कागद पसरलेला आणि वहिनींनी आमची ताटं खाली मांडलेली. तिथे तिने मला समजावलं. माशांची घाण पाण्यात विष होऊन साठते. पण ती घाण पचवणारे, डोळ्यांना न दिसणारे जीव असतात. ते खड्यांवर, दगडांच्या भोकांत घर करतात. त्यांना वसायला वेळ लागतो आणि वाहतं पाणी लागतं. "आणि मी काय करी होतंय? रोज घासून घासून तेंचाच घर धुवन टाकी होतंय." हे सांगताना ती इतकी खुशीत होती, की एखाद्याला वाटावं हिला बक्षीस लागलंय. चूक सापडली की नलूला नेहमी तसाच आनंद व्हायचा.

मग तिने आखलेली टाकी उंच नव्हती. आडवी, पसरट, उथळ होती, कारण पाण्याचं तोंड जेवढं मोठं तेवढी त्याला हवा मिळते. टाकीच्या मागे लाकडी घडवंची, आणि तिच्यावर जांभ्याच्या तुकड्यांनी रचलेला कडा, आपल्याकडच्या एखाद्या घाटीसारखा. त्या कड्यावर पायऱ्यांनी उतरत येणारी मातीची पसरट भांडी, त्यांत नदीचे धुतलेले खडे आणि खड्यांत लावलेली ब्राह्मी, वेखंड, मनी प्लांट. सगळ्यांत वर मातीचं मडकं, बुडाला भोकं पाडलेलं. ही कल्पना तिला देवळात शंकराच्या पिंडीवर टांगलेल्या गळतीवरून सुचली होती. लहान पंप टाकीतलं पाणी मडक्यात चढवणार, मडक्यातून ते ठिबकत पहिल्या भांड्यात, खड्यांतून झिरपून दुसऱ्यात, तिसऱ्यात, आणि शेवटी पन्हळीतून बारीक धार होऊन पुन्हा टाकीत. वाटेत खड्यांतले जीव घाण पचवणार, झाडं तिचंच खत करून घेणार, पडताना पाणी हवा घेणार. मासे थोडेच ठेवायचे, खाणं चिमटीभर घालायचं, आणि उडालं तेवढं पाणी वरून भरायचं.

एका दमात जमलं असं नाही. पहिल्यांदा मधलं भांडं भरून वाहिलं आणि पाणी थेट वहिनींच्या तांदळाच्या डब्यापर्यंत गेलं. टाकी उन्हाच्या जागी ठेवली तेव्हा पाणी हिरवं झालं, मग ती आतल्या बाजूला सरकवावी लागली. हौसेने किनाऱ्यावरचे शंख घातले, तर त्यांच्यातल्या चुन्याने पाणी जड झालं, तेही काढले. कुंभाराकडून भांडी परत करून आणली. या सगळ्या धावपळीत बाबीदादा भिंतीकडे बघत बसलेला असायचा, पण कान इकडे असायचे. एक दिवस नलू सुरळीत उतार मिळावा म्हणून पातळी मोजायची नळी घेऊन जमिनीवर आडवी झालेली असताना पाठीमागून आवाज आला, "नले, घरात पाटबंधारे खाता काढलंस काय गो?" वहिनी स्वयंपाकघरातून धावत आल्या. बाबीदादा हसत होता. तोंड एका बाजूला वाकडं होत होतं, पण हसत होता. नलू उठली नाही, तशीच आडवी पडून म्हणाली, "होय. तू अध्यक्ष हो. पाणी खंय अडता ता सांग." त्या दिवशी त्याने खुर्ची टाकीकडे वळवून घेतली.

पाणी निवळलं. इतकं, की पन्हळीची धार नसती तर टाकी रिकामी वाटली असती. मुळं जोर धरू लागली, तेव्हा नलूने गप्पी आणि शेताच्या पाटातले, कपाळावर चमकता ठिपका असलेले छोटे मासे सोडले. महिने गेले, एकही मासा मेला नाही. एकाच गोष्टीवरून घरात वाद होता. मडकं फार उंच बसवलंय, असं वहिनींचं म्हणणं, कारण साफ करताना त्यांना चवड्यांवर उभं राहावं लागे. नलू म्हणायची, "पाण्याक उतार लागता, वहिनी." आणि विषय संपवायची.

त्यानंतर ते वादळ आलं. नलू तेव्हा माझ्याकडे शिरोड्याला होती. चार दिवस राहायला म्हणून आलेली. रात्रभर माड वाकून वाकून परत उभे राहिले, काही राहिले नाहीत. सकाळी रस्त्यावर झाडं, विजेचे खांब आडवे, फोन बंद. घरची माणसं सुखरूप आहेत एवढा निरोप कोणाच्या तरी मोटारसायकलवरून आला आणि आमचा जीव भांड्यात पडला. पण नलू लगेच पिशवी भरायला लागली. मी विचारलं तर म्हणाली, "लाईट नाय म्हणजे पंप बंद. खड्यांतलो जीव वाहत्या पाण्यावर जगता. दोन दिवसांत पाणी नासतला, मासे जातले." मग म्हणाली, "माशांचा सोड. दादा परत भिंतीकडे तोंड करीत..." मासे मेलेले त्याने एकदा पाहिले होते. पुन्हा पाहिले तर तो कायमचा आत जाईल, ही तिची खरी भीती होती.

रस्ता मोकळा होताच आम्ही दोघी निघालो. अर्धी वाट एका टेंपोतून, पुढे रिक्षा, मध्ये मध्ये पडलेल्या माडांवरून पाय टाकत. मालवणात शिरलो तर सगळीकडे कौलं उडालेली, लोक छपरांवर. नलूच्या घराची पडवी मोडली होती. तिने पडवीकडे पाहिलंही नाही. दारातून आत गेली आणि थांबली. मी मागून आले आणि तिच्या खांद्यावरून पाहिलं.

बाबीदादा उभा होता. उजवी बाजू घडवंचीला टेकवलेली, डाव्या हातात पातेली. टाकीत वाकून त्याने पातेली भरली, हळूहळू वर नेली आणि मडक्यात ओतली. पाणी ठिबकू लागलं, खड्यांतून उतरत आलं, पन्हळीतून टाकीत पडलं. खाली पाणी काचेसारखं, मासे खेळत होते. वहिनी खुर्ची घेऊन मागे तयार उभ्या होत्या, तो पडलाच तर म्हणून. आम्हाला बघून त्याने पातेली खाली ठेवली नाही. म्हणाला, "लाईट गेली. मासे वर येऊन तोंडा उघडूक लागले. मगे मी काय नुसतो बघत बसतलंय?" वहिनी सांगू लागल्या, वीज गेल्यापासून दोघं पाळीपाळीने ओततात, आणि ह्यांच्या पाळीलाही आपणच खुर्चीवर चढून ओतावं म्हटलं तर हे ऐकत नाहीत, स्वतःच उठतात. उठतात... हा शब्द त्यांनी दोनदा उच्चारला. नलूने भावाच्या हातातली पातेली घेतली नाही. ती बाजूला उभी राहून नुसती बघत राहिली. तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी त्याआधी आणि त्यानंतर कुणाच्याही चेहऱ्यावर पाहिलेलं नाही.

रात्री मी तिला विचारलं, मडकं तू मुद्दाम एवढं उंच ठेवलं होतंस ना, त्याने उभं राहावं म्हणून? ती म्हणाली, "पाण्याक उतार लागता, विजू." आणि कूस बदलून झोपली. मला आजही खरं काय ते ठाऊक नाही.

वीज आली, पंप सुरू झाला, पण बाबीदादाने सकाळची पातेली सोडली नाही. त्या वर्षी पावसाळा संपेपर्यंत तो काठी घेऊन अंगणात येऊ लागला, आणि पुढच्या वर्षी नारळी पौर्णिमेला बहिणीच्या खांद्यावर हात ठेवून पुळणीवर जाऊन उभा राहिला. बोटीवरच्या माणसांनी त्याला पाहिलं आणि ते सगळे पाण्यातून धावत आले. त्याने एकेकाला नाव घेऊन शिव्या घातल्या. नलू सांगायची, इतक्या गोड शिव्या तिने जन्मात ऐकल्या नव्हत्या.

टाकीची कीर्ती पसरली. लोक बघायला येत, नकाशा मागत, आणि नलू प्रत्येकाला त्याच्या घराच्या मापाने नवा काढून देई. मसुऱ्याच्या एका शाळेच्या ओसरीसाठी तिने मोठी टाकी आखली. जांभ्याचा कडा रचायला बहीण-भाऊ दोघं गेले. नलू उतार सांगत होती आणि बाबीदादा खुर्चीत बसून, तांडेलाच्या त्या जुन्या आवाजात, पोरांकडून दगड लावून घेत होता. पन्हळीतून पहिली धार पडली तेव्हा ओसरीभर टाळ्या झाल्या. गुरुजींनी नलूला दोन शब्द बोलायला सांगितलं. ती हापिसातलं छापील मराठी बोलायला उभी राहिली, एक वाक्य बोलली, आणि मग म्हणाली, "पोरांनो, पाणी रोज धुवू नका. तेका जगूक देवा." आणि बसली. आयुष्यभर तिने काढलेल्या कालव्यांतून पाणी कुठे कुठे गेलं ते तिला कधी बघायला मिळालं नव्हतं. हे पाणी ती डोळ्यांनी बघत होती.

तेराव्यानंतर मी त्या घरी गेले. नलूची एक सवय तिथे अजून चालू आहे. रोज सकाळी वर्तमानपत्र आलं, की ती ते टाकीच्या मागच्या काचेला लावून धरायची आणि पुढून पाण्यातून वाचायची. बारीक अक्षर वाचता आलं, की पाणी ठीक. आता पेपर सुलभावहिनी धरतात आणि वाचतो बाबीदादा. त्या सकाळी त्याचा चष्मा सापडेना. तो मला म्हणाला, "विजू, तू वाच." मी टाकीपुढे वाकले. मुळांमधून नुकतीच जन्मलेली, जेमतेम डोळेच दिसणारी पिल्लं फिरत होती आणि त्यांच्या मागे बातम्या होत्या.

"वाचूक येता मा?" त्याने विचारलं.

"येता, दादा," मी म्हटलं. "सगळा वाचूक येता."

तो उठला आणि पातेली घ्यायला गेला.