काकींनी धरलेला क्लच

"मेस्ता, पेडल परत तळाक गेलां!" स्टिअरिंगवरून प्रकाश ओरडला. मी त्याच्या टॅक्सीखाली उताणा पडलेलो. साडेसात वाजले होते. दहाला म्हापशात त्याच्या आईच्या डोळ्याचं ऑपरेशन.

मेस्त म्हणजे आमच्याकडे मिस्त्री. डिचोलीत खाणीच्या ट्रकांच्या वर्कशॉपमध्ये मी तीस वर्षं काढली. रिटायर होऊन पार्सेला, आपल्या गावी आलो, तरी शेजारी हाक मारतातच.

काकींनी, म्हणजे प्रकाशच्या आईने, भीतीपोटी दोनदा तारीख चुकवली होती. या वेळी देवाचा कौल घेतला, तो उजवा मिळाला, तेव्हा कुठे तयार झाल्या. आता पिशवी मांडीवर घेऊन पायरीवर बसल्या होत्या.

"देवाच्या मनात नाय दिसता," त्या म्हणाल्या. "ऱ्हवांदे आता."

"दुसरी गाडी बोलवतंय, आये," प्रकाश म्हणाला.

"परक्या गाडयेतून मी जावचंय नाय."

आज राहिलं असतं तर पुन्हा त्या तयार झाल्या नसत्या.

आदल्या संध्याकाळी मी क्लचच्या खालच्या सिलिंडरचं रबर सील बदललं होतं. या क्लचमध्ये पेडल तेलाला ढकलतं आणि तेल क्लचला. सील बदलताना पाइपात हवा शिरते. हवा दबते, म्हणून पेडल लिबलिबीत होतं. ती हवा काढणं म्हणजे ब्लीडिंग. एकाने पेडल दाबून धरायचं, दुसऱ्याने खालचा निपल, म्हणजे हवा सोडायचा स्क्रू, सैल करायचा. बुडबुडे येतात. निपल आवळल्यावरच पेडल सोडायचं. आधी सोडलं की हवा परत आत.

दोन वेळा सगळं केलं. बुडबुडे संपेनात. पेडलजवळचा मास्टर सिलिंडर गेला, असं मी जाहीरही करून टाकलं. त्याचा पार्ट आणायचा म्हणजे दिवस गेलाच. मग काय वाटलं कोण जाणे, बाहेर आलो, गाडीच्या दाराशी उभा राहिलो आणि म्हटलं, "धर बघू." प्रकाशने पेडल दाबलं आणि लगेच उचललं.

"अरे, पाय कित्याक उचलतस?"

"खंय उचललंय?"

त्याला खरंच पत्ता नव्हता. वीस वर्षं खनिजाचे ट्रक चालवलेला गडी. प्रत्येक गिअरला डबल क्लच, दाब-सोड, दाब-सोड. तो पाय पेडलवर टिकणार कसा? आणि एवढा जुना ड्रायव्हर म्हणून मी त्याच्यावर डोळे मिटून विश्वास ठेवलेला. स्वतःचीच लाज वाटली.

"माका बसय थंय," पायरीवरून काकी म्हणाल्या. "माजे डोळे गेले, पाय न्हय."

जन्मभर आडाळी, म्हणजे विळी, पायाखाली दाबून मासळी चिरलेली बाई. बसल्या.

"काकी, दाबा!"

"दाबलंय. तू सोड म्हणसर सोडूचंय नाय."

खरंच नाही सोडलं. प्रकाश वरच्या डब्यात तेल घालत राहिला. दहाव्या खेपेला बुडबुडे थांबले. पेडल टणक झालं.

काकी उतरल्या, पिशवी उचलली. "चल रे, प्रकाश. उशीर कित्याक करतस?" देवाच्या मनाचा विषय पुन्हा निघाला नाही.

दुसऱ्या दिवशी काकींच्या डोळ्यावरची पट्टी सुटली. माझ्याकडे नीट बघून म्हणाल्या, "मेस्ता, तू कितको रे म्हातारो झालंस!"

मला रडूच आलं. तेव्हापासून ब्लीडिंगला मी पेडलवर ड्रायव्हर बसवत नाही.