चिंच लावून घासलेली बंदूक

आमच्या घरच्या बंदुकीनं आजवर एकाही जनावराचा जीव घेतलेला नाही. तिचा जीव मात्र मी घेतला. तोही चिंच लावून.

बंदूक एकनळी, बारा बोअरची, माझ्या सासऱ्यांची, आप्पांची. वैरागच्या पलीकडं आमची शेती आहे. सासऱ्यांच्या वेळी तिथल्या माळावर पाय ठेवायला जागा नसायची, इतके ससे आणि तित्तर असायचे म्हणे. (शिकाऱ्याच्या घरात सगळं 'म्हणे'वरच चालतं, मी लग्न होऊन आले तेव्हा माळावर फक्त कुसळं होती.) पुढं कायद्यानं शिकार बंद झाली, ते एक बरं झालं. बंदूक पिकाच्या राखणीसाठी म्हणून आमच्या मालकांच्या नावावर झाली. मक्यात रानडुकरं शिरली की हवेत बार काढायचा आणि घरी यायचं. संपलं!

पण थाट? मालकांचा थाट पाहून वाघानं आपणहून राजीनामा दिला असता. सहा खिशांचा खाकी कोट, कमरेला काडतुसांचा पट्टा (बारा घरं, त्यात दोन काडतुसं, बाकीच्या घरांत बडीशेप आणि सुपारी), गळ्यात शिट्टी आणि हातात पाच सेलची बॅटरी. एवढं सगळं अंगावर चढवेपर्यंत डुकरं मका खाऊन, तोंड पुसून परत गेलेली असायची.

तरी गावात त्यांचं नाव 'शिकारी आण्णा'. एकदाच खरं डुक्कर समोर आलं होतं. मालकांनी बार काढला आणि आमची शेतातली पाण्याची टाकी फुटली.

मी म्हटलं, "अवो, डुक्कर खाली, टाकी वर. नेम कुटं धरला हुता?"

"कायद्यानं हवेतच झाडायची असती. मी हवेतच झाडली."

"आन टाकी?"

"ती हवेत हुती, त्याला मी काय करू?"

टाकीतून पाण्याची धार लागली आणि ते डुक्कर पोटभर पाणी पिऊन गेलं. पारावर मात्र ही गोष्ट जाऊन पोचली तेव्हा डुक्कर म्हशीएवढं झालं होतं आणि टाकीचं नावसुद्धा नव्हतं. शिकारी माणसाचं हे असंच असतं. त्याचा नेम कधी चुकत नाही, जनावरच ऐन वेळी हलतं.

असो. मी आपली दुसऱ्याला हसतेय, पण ही गोष्ट माझ्या शहाणपणाची आहे.

माझ्या सासूबाई फार स्वच्छ. इतक्या, की पाणीसुद्धा धुऊन प्यायच्या म्हटलं तरी चालेल. आणि मी त्यांच्या हिशेबी एक नंबरची गबाळी. मी घासलेलं भांडं त्या उजेडात धरायच्या, नाकाजवळ न्यायच्या आणि एकच शब्द बोलायच्या, "बरं." त्या 'बरं'नं माझं रक्त आटायचं. सोबतीला माझी नणंद, शकूवन्सं. लग्न होऊन सोलापुरात राहायच्या, पण माहेरी आल्या की पहिल्यांदा कपाटावरून बोट फिरवायच्या आणि ते बोट मला दाखवायच्या!

लग्नानंतरची पहिली खंडेनवमी. आमच्याकडं त्या दिवशी घरातलं सगळं हत्यार देवापुढं मांडतात. कोयता, विळे, खुरपी, कुऱ्हाड, शिवणयंत्राची कात्री, आणि सगळ्यांच्या मधोमध पाटावर बंदूक. झेंडूचा हार, हळदकुंकू, अक्षता. त्या आधी सगळं घासूनपुसून ठेवायचं काम सुनेचं. मी बंदूक फडक्यानं पुसून ठेवली.

सासूबाई म्हणाल्या, "ही घासलीस?"

"व्हय आत्याबाई."

"बरं."

झालं! मी बंदूक उचलली ती थेट मोरीवर. समईला लावतो तशी चिंच आणि मीठ लावलं. वर राख. तरी काळपट दिसतेय म्हणून विटकरीची पूड घेतली आणि काथ्यानं अशी घासली की शेजारच्या बायका बघायला आल्या. नळीच्या बुडाशी, लोखंडावर, बारीक बारीक नक्षी होती. नक्षीतच मळ बसतो हे कोणत्याही बाईला ठाऊक असतं. मी दाभण घेऊन एकेक खाच कोरून काढली. वर गोडं तेल चोळलं. बंदूक अशी लखलखली की तिच्यात बघून मी कुंकू लावलं.

सासूबाईंनी ती उजेडात धरली. नाकाजवळ नेली. आणि म्हणाल्या, "आता कशी दिसती!"

आयुष्यात मला मिळालेली ती पहिली शाबासकी. पुढं काय विचारता? दर खंडेनवमीला मी त्या बंदुकीवर तुटून पडायची. सासूबाई गेल्या, काथ्या जाऊन तारेची घासणी आली, पण माझा नेम काही ढळला नाही. जवळजवळ चाळीस वर्षं! मालक घरात असले तरी तिकडं फिरकायचे नाहीत. त्यांना वाटायचं, बायकोला आपल्या शिकारीचा किती अभिमान!

निवडणूक लागली की परवान्याच्या बंदुका ठाण्यात जमा कराव्या लागतात. जुने हवालदार ओळखीचे होते. ते कागद बघायचे, बंदुकीकडं बघून "वा आण्णा, काय चकाकतीय!" म्हणायचे आणि चहा मागवायचे. यंदा मात्र तिथं नव्या फौजदार मॅडम आलेल्या. वयानं माझ्या धाकट्या लेकीएवढ्या. मीही त्या दिवशी मालकांबरोबर होते, कारण तिथून पुढं मला सोलापूरला शकूवन्संकडं जायचं होतं. पिशवीत त्यांच्यासाठी आमच्या झाडाची चिंच होती.

मालक कोट घालून, पट्टा बांधून, छाती काढून उभे. मॅडमनी बंदूक हातात घेतली, नळी उघडून रिकामी असल्याचं बघितलं, परवाना उघडला आणि बंदूक उलटसुलट करायला लागल्या.

"काका, नंबर कुठं आहे?"

"असंल की तितंच, बुडाला."

मॅडमनी मोबाइलचा उजेड पाडला. मग भिंग मागवलं. मग टेबलावरून मान वर केली ती एकदम वेगळीच.

"इथं नंबर नाही. फक्त सातचा आकडा उरलाय. तोही एकचा असू शकतो. काका, नंबर घासून काढलेलं हत्यार म्हणजे काय, माहीत आहे ना? गुन्हा आहे हा. परवाना तर जाईलच, तुमच्यावर केस होईल."

मालकांची छाती कोटातल्या कोटात आत गेली. चाळीस वर्षं ज्याला डुक्कर घाबरवू शकलं नाही (टाकीचं सोडा), त्या माणसाच्या कपाळावर घाम आला. "मॅडम, आईशप्पत, मी न्हाई काय केलं," असं म्हणताना त्यांचा आवाज शाळेतल्या पोरासारखा झाला.

मी बाकावर बसून ऐकत होते. आणि एकदम माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. नक्षी! ती नक्षी!

पळून जावं का, असा विचार मनात आला. खोटं कशाला सांगू? एक पाय दाराकडं वळलासुद्धा. पण मालकांनी पट्ट्यातून बडीशेप काढून तोंडात टाकली (घाबरले की त्यांना बडीशेप लागते), आणि त्यातली निम्मी तोंडाऐवजी मॅडमच्या रजिस्टरवर सांडली. मला राहवलं नाही.

"मॅडम, ते काम माजं हाय."

"कुठलं काम?"

"नंबर काडायचं. चिंच लावून."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "काका, घरच्या बाईवर ढकलू नका हं."

"मी कुटं ढकलतोय? मलाच आत्ता कळतंय!" मालक ओरडले. मग माझ्याकडं वळून, "बंदूक चिंचंनं घासलीस तू? बंदूक?"

"मग काय शॅम्पूनं घासू? तुमाला चाळीस वर्षांत दिसलं न्हाई व्हय? शिकाऱ्याची नजर लई तेज असती म्हनं!"

"भांडण नंतर करा," मॅडम म्हणाल्या. "काकू, लोखंडात कोरलेला नंबर असा चिंचेनं जात नसतो. खरं काय ते सांगा."

आता इथं मी गप्प बसायला हवं होतं. पण कुणी माझ्या घासण्यावर शंका घेतली की मला सासूबाई दिसायला लागतात. मी म्हटलं, "जात न्हाई? दावू?"

मॅडमच्या टेबलावर त्यांच्या नावाची पितळी पाटी होती, काळपटलेली. मी पिशवीतली चिंच काढली. समोरच्या टपरीवरनं चुलीतली राख आणली, अंगणातल्या विटेचा तुकडा फोडला, आणि कुणी "अहो अहो" म्हणेपर्यंत पाटीला हात घातला. हवालदार बघत राहिले. पाटी सोन्यासारखी उजळली. त्या नादात मॅडमचं अर्धं आडनावही गेलं!

मालकांनी डोळे मिटून घेतले. बहुतेक देवाचं नाव घेत असावेत.

मॅडमनी पाटी हातात घेतली. उजेडात धरली. नाकाजवळही नेली (शपथेवर सांगते!). आणि म्हणाल्या, "पटलं."

मग त्यांना हसू आलं. पण हसून कायदा थोडाच बदलतो? "हे बघा काकू, मला पटलं तरी कागदाला नंबर लागतो. जुन्या बंदुकीत आतल्या बाजूलाही कधीकधी नंबर असतो. सोलापुरात बंदुका दुरुस्त करणारे एक उस्ताद आहेत. हवालदार बरोबर देते. तिथं सापडला तर ठीक. नाही तर मला केस करावी लागेल."

जीपमधून आम्ही सोलापूरला निघालो. मधे बंदूक घेऊन हवालदार, एका बाजूला मी, एका बाजूला मालक. सगळी वाट मालक पट्ट्याची रिकामी घरं चाचपत होते. शेवटी शहर जवळ आलं तेव्हा खिडकीतून बाहेर बघत म्हणाले, "आप्पांची एवढीच एक वस्तू हुती माज्याकडं."

इतका वेळ मला केसची भीती होती. त्या वाक्यानं मात्र मी केस विसरले. सासऱ्यांचा धाक, सासऱ्यांचा रुबाब, सगळं त्या लोखंडात होतं, आणि मी ते दर वर्षी थोडं थोडं मोरीत सोडून दिलं होतं.

उस्ताद म्हणजे पांढऱ्या दाढीचे म्हातारे गृहस्थ. त्यांनी बंदूक हातात घेतली, वास घेतला आणि माझ्याकडं बघितलं.

"भाबी, ये बंदूक हय के तांब्या? इसकू घासे कौन?"

"मीच."

"अल्ला! शेर मारने का हत्यार को तुम मार डाले!"

त्यांनी नळीखालचं लाकूड काढायला घेतलं. ते काही निघेना. तेल सोडलं, ठोकलं, पुन्हा तेल सोडलं. मालक डोळे मिटून, मी पदर तोंडाला लावून. आणि एकदम खट् आवाज होऊन लाकूड सुटलं. आतून काय पडावं? चाळीस वर्षांचं हळदकुंकू, घट्ट वडी झालेलं! त्यात अक्षता, झेंडूच्या वाळक्या पाकळ्या आणि एक मेलेलं झुरळ.

उस्तादांनी ब्रशनं ते सगळं झाडलं. खाली लोखंडावर नंबर होता. जसाच्या तसा, ठसठशीत. उस्ताद एकेक आकडा वाचत गेले आणि हवालदार परवान्यावर बोट ठेवत गेले. शेवटचा आकडा जुळला तेव्हा मालकांनी चक्क उस्तादांना मिठी मारली.

"भाबी का हात वहाँ तक नै पहुँचा, इसलिए बच गया," उस्ताद म्हणाले.

मालक हसले, आणि माझ्याकडं बघून म्हणाले, "गबाळी हायस म्हणून वाचलो बग!"

मॅडमनी दुसऱ्या दिवशी अहवाल लिहिला. त्याची नक्कल आम्हाला मिळाली. त्यात सरकारी भाषेत लिहिलंय, 'सदर शस्त्रावरील बाहेरील क्रमांक परवानाधारकाच्या पत्नीने वर्षानुवर्षे केलेल्या अतिस्वच्छतेमुळे नष्ट झाला असून, यामागे कोणताही वाईट हेतू दिसून येत नाही.' खाली सही, शिक्का.

अतिस्वच्छता! पोलिसांनी लिहून दिलं, शिक्क्यासकट! मी तो कागद काच लावून घेतला आणि सासूबाईंच्या फोटोच्या बरोब्बर खाली टांगला. म्हटलं, घ्या आत्याबाई, आता तरी स्वच्छ म्हणा.

पुढच्या महिन्यात शकूवन्सं आल्या. चष्मा लावून त्यांनी तो कागद पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. दोनदा वाचला. मी कान टवकारून बाजूला उभी.

मग त्यांनी फ्रेमवरून हळूच बोट फिरवलं, आणि ते बोट मला दाखवलं.