पाच वह्यांतला खोडलेला आकडा

औषधाच्या कारखान्यातल्या प्रयोगशाळेत त्यांना सगळे मिलीबाई म्हणत. एका मिलिग्रॅमसाठी त्या कोणाशीही भांडायला उभ्या राहत, म्हणून कुणीतरी त्यांना मिलिग्रॅमबाई म्हणायला लागलं, आणि तेवढंही लांब पडलं म्हणून मिलीबाई झालं. अठ्ठावीस वर्षं त्यांचं एकच काम. औषधाची भुकटी पाण्यात किती विरघळते ते मोजायचं.

"म्हणजे साखर चहात विरघळते, तसंच ना?" लग्नापासून नवरा विचारत आलेला. शिंपी माणूस, सगळं त्याला टेपावर कळायचं.

"तसंच, पण किती, ते सांगायचं असतं! आणि विरघळायची खरंच थांबली का, ते!"

"थांबली की तळाशी उरते. दिसतंच की."

"अहो, उरलेली दिसते. थांबलेली दिसत नाही."

"बरं बाई," म्हणून तो मशीनचं चाक फिरवायला लागे. अठ्ठावीस वर्षांत संभाषण याच्या पुढे गेलेलं नव्हतं.

काम खरंच दिसायला सोपं. फ्लास्कमध्ये पाणी घ्यायचं, विरघळेल त्याहून जास्त भुकटी टाकायची आणि पंचवीस अंशांवर शेकरमध्ये हलवत ठेवायचं. तळाशी गाळ उरलाच पाहिजे, तरच पाण्याचं पोट भरलं असं समजायचं. मग वरचं पाणी गाळून मशीनमध्ये घालायचं. मशीन आकडा देतं आणि माणसं त्यावर वाद घालतात.

या वेळी वाद पेटला तो लहान मुलांच्या तापाच्या औषधावरून. जुन्या सिरपमध्ये एका मिलिलिटरला तीन मिलिग्रॅम औषध असे. आता कंपनीला पाच मिलिग्रॅमचं कडक सिरप काढायचं होतं. पाण्यात सहापर्यंत विरघळतं असं फाइल सांगत होती, म्हणजे पाचाला काहीच अडचण नव्हती. बाईंनी फक्त एकदा मोजून सही ठोकायची होती.

पहिल्या दिवशी सहा आलं. फ्लास्क अजून शेकरमध्येच होते, म्हणून बाईंनी दुसऱ्या दिवशी पुन्हा थोडं पाणी गाळून पाहिलं. पाच. तिसऱ्या दिवशी चार पूर्णांक दोन. चौथ्या दिवशीही चार पूर्णांक दोन.

हा आकडा खरा असेल, तर पाचाच्या सिरपमधलं जास्तीचं औषध बाटलीच्या तळाशी बसणार. वरचे चमचे हलके आणि शेवटचा चमचा जड. तो जड चमचा कुठल्यातरी दोन वर्षांच्या लेकराच्या तोंडात जाणार.

"पहिल्या दिवशी सहा आलं होतं ना?" प्रयोगशाळेचे साहेब म्हणाले. "मग फ्लास्क काढून का नाही घेतलेत? आकडा फाइलशी जुळला की थांबायचं. आपल्याकडे सगळे तसंच करतात."

"पण साहेब, तो पुढे खाली येतोय."

"भुकटी एकदा विरघळल्यावर कमी कशी होईल, बाई? काहीतरी गफलत झालीय. पुन्हा करा. आणि जरा चष्म्याचा नंबर तपासून घ्या."

चष्म्याचं नाव काढलं आणि बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यांनी पाणी बदललं. फिल्टर बदलले. वजनाचा काटा तपासून घेतला. नवे फ्लास्क स्वतःच्या हातांनी तीनतीनदा धुतले. प्रत्येक फेरीला तीन दिवस, आणि प्रत्येक फेरीच्या शेवटी तोच मेला चार पूर्णांक दोन. घरी भाजी करपली, नवऱ्याशी अबोला झाला, आणि त्याची बिचाऱ्याची काडीची चूक नव्हती.

शेवटी वैतागून त्यांनी तळाचा गाळच मायक्रोस्कोपखाली धरला. टाकलेली भुकटी जाड, चौकोनी दाण्यांची होती. तीन दिवसांनी तळाशी नुसत्या बारीक सुया. भुकटी पाण्यात राहून पाणी आपल्यात धरून घेत होती आणि तिचे नवेच स्फटिक बनत होते, आणि हे नवे स्फटिक कमी विरघळत होते, म्हणून आधी विरघळलेलं औषधही पुन्हा तळाशी येत होतं. हाताची चूक नाही, चष्म्याची तर नाहीच नाही.

मग इतकी वर्षं हे कुणालाच कसं दिसलं नाही? बाई तरातरा कपाटाशी गेल्या आणि याच औषधाच्या पाच जुन्या वह्या काढून बसल्या. प्रयोगशाळेत आकडा खोडायचा तर नियम कडक. एकच सरळ रेघ, खालचं वाचता आलं पाहिजे, आणि बाजूला कारण आणि सही.

पहिल्या वहीत सहाच्या वर एक खोडलेला आकडा होता, चार पूर्णांक दोन. कारण, फिल्टर फाटला असावा. दुसऱ्या वहीत तोच आकडा, पाणी खराब. तिसरीत, काटा हलला. "अरे गाढवांनो!" बाई एकट्याच ओरडल्या. चौथ्या वहीत कारण होतं, फ्लास्क चुकून तीन दिवस राहिला, आणि खाली सही खुद्द साहेबांची, ते या टेबलावर काम करायचे तेव्हाची.

आता सापडलात, म्हणत त्यांनी पाचवी वही उघडली. चार पूर्णांक दोन. वर फूटपट्टीने मारलेली रेघ. कारण, हाताची चूक. सही त्यांची स्वतःची, बारा वर्षांपूर्वीची.

बाई खुर्चीत बसल्या. त्यांना दुसऱ्या कुणाचा इतका राग कधी आला नव्हता.

दुपारी त्यांनी पाचही वह्या आणि सुयांचा फोटो साहेबांच्या टेबलावर मांडला. साहेब बराच वेळ पानं उलटत राहिले. चौथ्या वहीशी थांबले, मग पाचवीशी.

"तुम्हीही खोडलंच होतं की."

"हो. फाइलशी जुळेना म्हणून घाबरले. तुम्ही?"

साहेब फोनकडे वळले. "पाचाचं सिरप थांबवा," त्यांनी पलीकडच्याला सांगितलं. "नाही, कारण नंतर कळवतो." फोन ठेवून म्हणाले, "झालं समाधान? नव्या वहीत चार पूर्णांक दोन लिहा. जुन्या राहू द्या कपाटात, कोण बघतंय."

बाईंनी पाचवी वही पुढे ओढली. आपल्या रेघेखाली लिहिलं, आकडा बरोबर होता, मी घाबरून खोडला. तारीख घातली, सही केली. अक्षर वाकडं आलं, कारण डोळे भरून आले होते आणि त्याचाही त्यांना राग येत होता.

मग त्यांनी चौथी वही साहेबांसमोर सरकवली आणि पेन पुढे केलं.

साहेबांनी पेन हातात घेतलं. पानाकडे बघितलं, घड्याळाकडे बघितलं. "मीटिंग आहे मला," ते म्हणाले, आणि पेन वहीवर आडवं ठेवून निघून गेले.